उन्हाच्या बाजूची गावं

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘उतार’ हा विषय काढला, तेव्हा फोनवर मी एवढंच विचारलं की मातीचा उतार चालेल का. वयाचा, सत्तेचा, बाजाराचा उतार लिहायला माणसं भरपूर असणार. मला तो हवा होता ज्यावर चालताना पोटऱ्या भरून येतात, ज्यावर लोक गवत कापतात, घरं बांधतात आणि शेजारच्या गावाच्या बोलीला नावं ठेवतात. म्हणून स्वित्झर्लंडचं पूर्वेकडचं टोक गाठलं. ग्राउब्युंडेन कँटनमधलं खालचं एंगाडिन. आपल्याकडच्या सहली ल्युसर्न, टिटलिस, युंगफ्राउ करून परततात. इकडे सहसा कुणी वळत नाही.

क्लोस्टर्सहून गाडी व्हेराइना बोगद्यात शिरते. १९ किलोमीटरचा हा बोगदा १९९९ मध्ये सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात झ्युरिककडून इथे यायचं तर फ्ल्युएला घाट उघडा असेल या आशेवर निघायचं, नाहीतर दक्षिणेकडून मोठा वळसा घ्यायचा. आता मोटारीसुद्धा रेल्वेवर चढून पार होतात. बोगदा संपतो आणि समोर इन नदीचं खोरं उघडतं. नदीला इथले लोक ‘एन’ म्हणतात. तिचं पाणी डॅन्यूबला मिळून थेट काळ्या समुद्रात जातं.

गाडी पूर्वेकडे निघाली की उजव्या खिडकीत पलीकडचा काठ दिसतो. काळपट सूचिपर्णी जंगल, वर करवतीच्या दात्यांसारखे राखाडी सुळके, आणि मैलोन्‌मैल एक घर नाही. डाव्या खिडकीत तर काहीच दिसत नाही, कारण गावं डोक्यावर आहेत. ग्वार्दाच्या स्टेशनावर उतरलं की गाव अजून २०० मीटर उंचावर असतं. पोस्ट खात्याची पिवळी छोटी बस वळणं घेत वर चढते आणि १६५० मीटरवर एका सपाटीला टेकते. तिथून मागे वळून पाहिल्यावर उजव्या खिडकीतला तो काळा काठ सावलीत बुडालेला दिसतो आणि आपण मात्र उन्हात उभे असतो.

खिडकी

दोन काठांतला हा फरक फक्त उन्हाचा नाही. आल्प्स पर्वत तयार होताना खडकांचे थर एकमेकांवर सरकले. वरचा थर जिथे झिजून गेला तिथे खालचा उघडा पडला. भूशास्त्रज्ञ या जागेला एंगाडिनची खिडकी म्हणतात. उत्तरेकडच्या काठावर दिसतो तो या खिडकीतला, खालच्या थराचा खडक, पापुद्रे सुटणारा शिस्ट. तो मऊ आहे, झिजतो, त्याची माती होते, उतार सौम्य होतो, मधूनमधून पायरीसारख्या सपाट्या पडतात. दक्षिणेकडे डोलोमाइट. तो झिजताना माती कमी देतो आणि खडी जास्त. म्हणजे ज्या काठावर ऊन त्याच काठावर माती. ग्वार्दा, आर्देत्स, फ्तान, सेंट, रामोश ही सगळी गावं उत्तर काठावर माळेसारखी ओवली गेली त्याचं कारण हे. पलीकडे ठळक अपवाद एकच, तारास्प. तिथे टेकडीवर किल्ला आहे आणि त्याची गोष्टही वेगळी आहे. आजूबाजूची गावं स्वतंत्र झाल्यावरही १८०३ पर्यंत तो ऑस्ट्रियाकडेच राहिला आणि त्यामुळे भोवतालच्या प्रोटेस्टंट गावांत तारास्प कॅथलिक उरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मोडकळीस आलेला किल्ला दुरुस्त केला ड्रेस्डेनच्या लिंग्नर नावाच्या कारखानदाराने. त्याचा पैसा ओडोल या गुळण्या करायच्या औषधातून आलेला. आता मालकी शेजारच्या सेंट गावच्याच नोट व्हिटाल या शिल्पकाराकडे आहे.

खडकाच्या भेगांतून कार्बन डायऑक्साइड वर येतो आणि झऱ्याचं पाणी फसफसतं करतो. श्कुओल हे खोऱ्यातलं मुख्य गाव या पाण्यावरच नावारूपाला आलं. जुन्या वस्तीतल्या काही हौदांना दोन तोट्या आहेत. एकीतून साधं पाणी, दुसरीतून खनिज पाणी. दुसऱ्या तोटीखालचा दगड लोहाने तांबूस झालेला असतो. ओंजळ भरून प्यायलो. सोड्याला गंजलेल्या खिळ्याची चव असती तर तशी लागली असती. शेजारी एक आजी काचेच्या बाटल्यांची अख्खी पिशवी भरून घेत होत्या. त्यांना माझा चेहरा पाहून गंमत वाटली असावी.

बांधांवरचं गवत

सेंटपासून रामोशपर्यंतचा उतार लांबून पाहिला तर त्यावर आडव्या रेघा दिसतात. जवळ गेल्यावर कळतं की ही पडीक शेतं आहेत, पायऱ्यापायऱ्यांची. आपल्याकडे सह्याद्रीच्या पूर्व उतारावर ताली घालतात तसा प्रकार, पण बहुतेक ठिकाणी दगडी भिंत नाही. दोन पट्ट्यांमध्ये नांगर न लागलेली गवताची कड सोडायची. दरवर्षी नांगरताना माती थोडी खाली सरकते, त्या कडेला अडते, आणि पिढ्या गेल्या की कड बांध होते. कुणी एका वर्षी बांधलेली ही रचना नव्हे. नांगरानेच ती घडवली. रामोशजवळच्या मोताता टेकडीवर कांस्ययुगातल्या वस्तीचे अवशेष सापडले आहेत, तेव्हा या उतारावर धान्य काढण्याचा उद्योग किती जुना असेल याचा अंदाज येतो.

आल्प्समध्ये इतक्या उंचीवर बार्ली आणि राय पिकते याचं एक कारण पाऊस. मधल्या रांगा ढग अडवतात आणि श्कुओलला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. माण-खटावच्या माणसाला तो भरपूर वाटेल, आल्प्सच्या हिशेबात मात्र हे कोरडं खोरं. रेल्वे १९१३ मध्ये श्कुओलपर्यंत आली आणि स्वस्त धान्य घेऊन आली, तसे बांध ओस पडू लागले. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंडने मिळेल ती जमीन नांगराखाली आणली तेव्हा हे बांध पुन्हा पिकले, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा गवताखाली गेले. १९८७ पासून ग्रान आल्पिन ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था डोंगरी धान्य विकत घेते, त्यामुळे काही पट्ट्यांवर बार्ली परत दिसू लागली आहे. रामोशच्या पलीकडच्या चलिन गावात बिअर गाळणारा छोटा कारखानाही निघाला.

पण उतारावरचं आजचं मुख्य पीक गवत. जूनच्या शेवटाला गाई वरच्या कुरणांत गेलेल्या असतात आणि गावात राहिलेली माणसं हिवाळ्याच्या चाऱ्याच्या मागे लागतात. मी पाहिलं ते कुटुंब सेंटच्या वरच्या अंगाला काम करत होतं. मुलगा दोन चाकांचं कापणीयंत्र उताराला आडवं चालवत होता. यंत्राच्या चाकांना खिळे, त्याच्या बुटांना खिळे. जिथे यंत्र घसरेल अशा बांधाच्या अंगावर बाप कोयत्यासारखा लांब दांड्याचा विळा चालवत होता, आणि आई लाकडी दाताळ्याने कापलेलं गवत खाली ओढत होती. खाली, कायम खाली. वर काहीच ओढायचं नाही, हा पहिला नियम त्यांनी मला हातात दाताळं देताना सांगितला. दर काही मिनिटांनी बाप थांबायचा, कमरेच्या शिंगातल्या पाण्यातून सहाणेचा दगड काढायचा आणि पातं परजायचा. ते ‘खर्र-खर्र’ पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जात असावं.

हे परवडतं कसं, असं विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, परवडत नाही. सरकार उताराच्या तीव्रतेनुसार पैसे देतं. उतार जितका जास्त तितकी हेक्टरी रक्कम जास्त. ते नसतं तर बांधांवर आधी झुडपं आणि मग लार्चचं रान आलं असतं. पर्यटक ज्या हिरव्या गालिच्याचे फोटो काढतात तो असा दरवर्षी हाताने विंचरलेला असतो, आणि त्याचे पैसे बर्नहून येतात.

घरात शिरणारी गाडी

हे गवत जातं कुठे ते पाहायला घराच्या पुढच्या दारात उभं राहायचं. एंगाडिनी घराचं दार म्हणजे कमानदार वेसच. त्यातून गवताची गाडी सरळ आत यायची, ‘सुलेर’ नावाच्या प्रशस्त ओटीतून घर ओलांडून मागच्या कोठारात जायची. सुलेरच्या एका बाजूला स्वयंपाकघर, बसायची खोली, कोठीची खोली. जनावरांचं दार वेगळं, खालच्या अंगाला. ती उतरणीवरून तळघराच्या अंगणात आणि तिथून गोठ्यात. माणूस, गुरं, चारा सगळं एका छपराखाली, आणि उतार असल्यामुळे प्रत्येकाला आपापल्या मजल्यावर थेट रस्त्यावरून शिरता येतं. सपाटीवर हे घर जमलं नसतं.

बसायची खोली म्हणजे ‘श्ट्यूवा’, घरातली एकमेव उबदार जागा. आतून आर्वे या डोंगरी पाइनच्या फळ्या. शंभर वर्षांनंतरही त्यांना राळेचा वास येतो. लाकडाची खोली आत, दगडाची जाड भिंत तिच्याबाहेर. खिडक्या इवल्याशा, पण बाहेरच्या बाजूला नरसाळ्यासारख्या रुंद होत गेलेल्या, म्हणजे थंडी कमी शिरेल आणि उजेड जास्त. या खिडक्या एका रांगेत नसतात. जिथून हौद आणि रस्ता दिसेल तिथे त्या काढलेल्या असतात. हौदाभोवती घरांचा एकेक वाडा असे, आणि कोण आलं, कुणाच्या गाईला खोकला झाला, हे कळायचं ठिकाण तेच.

भिंतींवरची नक्षी रंगवलेली वाटते, ती असते खरवडलेली. या कामाला स्ग्राफितो म्हणतात. आधी चुना आणि वाळूचा करडा गिलावा द्यायचा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, आणि ओल आहे तोवर खिळ्यासारख्या हत्याराने वरचा थर खरवडून खालचा करडा दाखवायचा. लाटा, फुलं, सूर्य, मासे, आणि बांधणाऱ्याचं नाव आणि साल. श्कुओलच्या एका गल्लीत दुरुस्ती चालू होती. गवंडी आधी दोरी आणि मोठ्या लाकडी कंपासाने वर्तुळं आखून घेत होता आणि गिलाव्यावर अंगठा दाबून ओल बघत होता. एकदा कोरलं की पुसता येत नाही. चुकलं तर तेवढा भाग पाडून नव्याने.

यातल्या बहुतेक घरांवरची सालं १६२२ नंतरची आहेत. तीस वर्षांच्या युद्धात ऑस्ट्रियाच्या फौजा दोनदा या खोऱ्यात शिरल्या आणि त्यांनी गावंच्या गावं जाळली. जे आज प्राचीन म्हणून दाखवतात ते खरं तर पुनर्बांधणीचं काम आहे. १६५२ मध्ये गावांनी ऑस्ट्रियाचे इथले हक्क रोख पैसे मोजून विकत घेतले. इतक्या थोड्या गवतातून एवढा पैसा आणि अशी घरं कशी, हा प्रश्न मला ग्वार्दात पडला. त्याचं उत्तर सेंटमध्ये मिळालं.

पाकोळ्या

सेंटला गेल्यावर घरांच्या माथ्याकडे पाहावं. त्रिकोणाऐवजी ते वळणदार, बरोक थाटाचे आहेत, आणि काही माड्या तर सरळसरळ इटालियन. ही घरं परदेशी गेलेल्यांची. ग्राउब्युंडेनचे लोक शतकानुशतकं हलवाई म्हणून बाहेर पडत. व्हेनिसमध्ये तर त्या धंद्यावर त्यांची एवढी पकड होती की १७६६ मध्ये तिथल्या सत्तेने त्यांना हाकलून दिलं. मग ते युरोपभर पांगले. बर्लिनचं प्रसिद्ध योस्टी कॅफे वरच्या एंगाडिनच्या भावांचं. पैसा झाला की गावात घर बांधायचं आणि उन्हाळ्याला परत यायचं. गावकऱ्यांनी त्यांना ‘रांदुलिन्स’, म्हणजे पाकोळ्या, असं नाव ठेवलं. आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांची आठवण येणं साहजिक आहे. फरक एवढाच, की हे फक्त घर बांधून थांबले नाहीत. यांच्यातल्याच काहींनी इथल्या रोमान्श भाषेचा वसा घेतला.

पायदेर लान्सेल हा एंगाडिनचा कवी. लोकगीतं गोळा करणारा आणि ही भाषा इटालियनची बोली नव्हे म्हणून आयुष्यभर झगडणारा. तो सेंट गावचा म्हणून ओळखला जातो, पण जन्मला पिसात, १८६३ साली, आणि व्यापार त्याचा लिव्होर्नोत होता. त्या काळी इटलीत काही जण रोमान्श ही आपलीच बोली असल्याचा दावा करत होते. त्याला उत्तर देणारा माणूस इटलीतच जन्मलेला होता. २० फेब्रुवारी १९३८ रोजी स्विस मतदारांनी रोमान्शला चौथी राष्ट्रभाषा केलं. नव्वद टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली. मुसोलिनी शेजारी असताना ते मत भाषेइतकंच सीमेसाठीही होतं.

वाट कुठे जाते

इथल्या बोलीचं नाव वाल्लादेर. रोमान्शच्या पाच लिहित्या बोलींपैकी एक. सगळ्या मिळून बोलणारे साधारण चाळीस हजार. एवढ्या थोड्या लोकांची भाषा टिकली कशी, तर डोंगराने जगापासून तोडलं म्हणून, असं प्रवासपुस्तकं सांगतात. मला हे पटेनासं झालं ते सामनाऊनमुळे.

सामनाऊन हे याच खोऱ्याचं पूर्वेकडचं पोटखोरं, सगळ्यात दुर्गम. तिथेही रोमान्श बोलत. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथून स्विस हद्दीतून येणारा गाडीरस्ताच नव्हता. बाजार, दळण, नोकरी, सोयरीक, सगळं खाली ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये. जकातीचा जाच नको म्हणून १८९२ मध्ये सरकारने खोऱ्याला जकातीतून मोकळं केलं. आजही लोक तिथे स्वस्त दारू आणि पेट्रोल भरायला जातात. आणि बोलतात काय, तर टिरोलची जर्मन. एकोणिसाव्या शतकातच ते रोमान्श सोडून बसले. एकाकी खोरं भाषा सांभाळत असतं, तर सामनाऊनने ती सगळ्यात आधी सांभाळली असती.

ग्वार्दा-सेंटकडे वाटा होत्या, पैसा होता आणि छापील पुस्तकं होती. सुशचा पाद्री दुरिक च्याम्पेल याने १५६२ मध्ये स्तोत्रांचं पुस्तक वाल्लादेरमध्ये छापवून आणलं. १६७९ मध्ये श्कुओलमध्येच संपूर्ण बायबल छापलं गेलं. शाळा, चर्च, गावसभा, करारनामे या भाषेत चालू लागले. कॅथलिक पाद्र्यांना विरोध करायला काढलेली ही पुस्तकं शेवटी शुद्धलेखनाची सवय लावून गेली.

गावसभेचं महत्त्व तर आजही आहे. कँटनचा भाषा कायदा २००८ पासून लागू आहे. ज्या गावात किमान ४० टक्के लोक रोमान्श जाणतात ते गाव कारभारापुरतं एकभाषी मानलं जातं. म्हणजे पाण्याच्या बिलापासून शाळेच्या पहिल्या यत्तेपर्यंत रोमान्श. २०१५ मध्ये ग्वार्दा, आर्देत्स, फ्तान, सेंट, तारास्प आणि श्कुओल यांची एक नगरपालिका झाली, तिचं कामकाजही वाल्लादेरमध्ये होतं.

प्रमाण कुणाचं

१९८२ मध्ये झ्युरिकचे प्राध्यापक हाइनरिक श्मिड यांनी सगळ्यांसाठी एक लिखित रूप बेतलं, रुमांच ग्रिशुन. पद्धत साधी होती. तीन बोली समोर ठेवायच्या, शब्दाचं जे रूप जास्त ठिकाणी चालतं ते घ्यायचं. केंद्र सरकारला असं रूप हवंच होतं. कायदे पाच वेळा कोण छापणार? नोटेवर राष्ट्रीय बँकेचं नाव रोमान्शमध्ये दिसतं.

कागदावर कुणाचं बिघडलं नव्हतं. बिघडलं ते कँटनने नवी पाठ्यपुस्तकं फक्त या रूपात काढायचं ठरवल्यावर. काही भागांनी २००७ पासून ते शाळेत आणलं, शेजारच्या म्युस्टाइर खोऱ्यानेही. आणि काही वर्षांतच मतदान करून ते परत आपल्या बोलीकडे आले. खालच्या एंगाडिनच्या शाळांनी ते स्वीकारलंच नाही. मला यात प्रशासनाची बाजू समजते. पण जी भाषा कुणाच्याच आजीची नाही, ती पोराला आजीची म्हणून शिकवायची, हे त्यांना रुचलं नाही, आणि चारशे वर्षांचं छापील वाल्लादेर हाताशी असताना ते रुचण्याचं कारणही नव्हतं. मराठीतला प्रमाण-बोली वाद ज्यांनी कट्ट्यावर घातला आहे त्यांना इथली संध्याकाळ घरच्यासारखी वाटेल.

वर्गात कोण

ग्वार्दाला आता दीडशेच्या आसपास माणसं राहतात. १९४५ मध्ये सेलिना च्योन्ट्स आणि चित्रकार आलोइस कारिगिएत यांचं उर्सलीचं पुस्तक आलं, घंटेसाठी बर्फात जाणाऱ्या मुलाचं, आणि गाव प्रसिद्ध झालं. लेखिकेचे पती वास्तुविशारद. गावाची डागडुजी त्यांच्याच देखरेखीखाली झाली. १ मार्चला खोऱ्यातली मुलं अजूनही गळ्यात घंटा घालून हौदांना फेऱ्या मारतात. पण पुस्तकाने आणलेल्या लोकांपैकी काहींनी घरंच घेतली. देशभर हाच प्रकार वाढला, तेव्हा २०१२ मध्ये स्विस मतदारांनी निसटत्या बहुमताने कायदा केला की कुठल्याही गावात सुट्टीची घरं २० टक्क्यांवर जाता कामा नयेत. जिथे ती आधीच जास्त आहेत तिथे जुन्या घरांसाठी बाहेरचे ग्राहक चढत्या बोलीने पैसे मोजतात, आणि गावातलं तरुण जोडपं खाली श्कुओलमध्ये भाड्याने राहतं.

श्कुओलच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंशी बोललो. बालवर्गापासून माध्यम वाल्लादेर, जर्मन पुढे विषय म्हणून येते, आणि बाहेर पडताना प्रत्येक मूल दोन्ही बोलतं. वर्गात पोर्तुगीज मुलं बरीच. त्यांचे आईबाप हॉटेलांत, बांधकामावर आहेत. ही मुलं वाल्लादेर झपाट्याने उचलतात, पोर्तुगीजचं लॅटिन गोत्र कामाला येतं. मधल्या सुट्टीत मी ऐकलं ते भांडण अस्खलित वाल्लादेरमध्ये होतं, चेंडू कुणाचा यावरून.

बाईंची तक्रार वेगळ्याच मंडळींबद्दल होती. झ्युरिककडून येऊन जुनं घर घेणारे भिंतीवरचं विटलेलं रोमान्श वाक्य नव्याने कोरून घेतात, त्यातलं व्याकरण बरोबर आहे ना हे विचारायला बाईंना फोन करतात, आणि तो फोन जर्मनमधून करतात.